यासीनच्या गाण्यातली माडी

सलीमचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर कविता शिकवत होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा आमच्या शाळेत मीच घालून दिलेला नियम. दोनदा कापला. तिसऱ्यांदा व्हरांड्यात येऊन घेतला. "आपा, यासीन मोल्डर गेला," तो म्हणाला. "पहाटं. दुपारी जोहरच्या नमाजनंतर माती हाय." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. परत वर्गात गेले, उरलेली दोन कडवी शिकवली, फळ्यावर स्वाध्याय लिहून दिला. तास संपताना पहिल्या बाकावरची मुलगी दबकत म्हणाली, "मॅडम, तिसरा आणि पाचवा प्रश्न एकच हाय." बघितलं तर खरंच. 'कवीला काय सांगायचे आहे?' हा प्रश्न मी दोनदा लिहिला होता.

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे मातीला जायचा प्रश्न नव्हता. पण घरी जाऊन बायकांत बसता आलं असतं. गेले नाही. तिसऱ्या दिवशी घरी जियारतीची दुआ होती, तेव्हाही गेले नाही. कोण म्हणून जायचं? तो माझ्या नात्यातला नव्हता. मित्र म्हणावं, तर आमच्या गल्लीत बाई आणि बाप्या यांच्यात हा शब्द कुणी वापरत नाही, अजूनही. शेवटी चाळीसाव्याला गेले. तिथं त्याच्या बायकोनं मला एक काम सांगितलं, ते करायला म्हणून आज लिहायला बसले आहे. मी मराठीची शिक्षिका. दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढण्यात माझी उमर गेली. आज माझी एक सांगायची आहे.

यासीनला तुम्ही ओळखत नसाल, पण त्याचं गाणं तुमच्या कानावरून गेलेलं असणार. कोल्हापुरात गणपतीच्या नाहीतर लग्नाच्या मिरवणुकीत तुम्ही कधी रस्त्याकडेला अडकून पडला असाल, तर बेंजो पार्टीच्या गाडीवरून कुणीतरी घसा ताणून हे म्हणत असेल...

माडीवरच्या पोरी, तुझा पडदा जरा हलव
खाली उन्हात उभा मी, मला सावलीत बोलव

हे यासीनचं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो तीस वर्षं मोल्डर होता. मोल्डर म्हणजे लोखंडी पेटीत काळी रेती ठोकून ठोकून साचा करणारा माणूस. त्या साच्यात लोखंडाचा रस ओततात, गार झाल्यावर साचा फोडून टाकतात आणि आतली वस्तू काढून घेतात. ठोकण्याला एक ताल असतो म्हणे, त्या तालावर त्याला ओळी सुचायच्या. बेंजोवाल्यानं गाणं उचललं की गाडीच्या बोर्डावर पार्टीचं नाव, माइकवर म्हणणाऱ्याचं नाव, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही, ही तिथली रीत. यासीनला त्याचं काही वाटायचं नाही. निदान तो तसं दाखवायचा. "साच्याचं नाव कोण घेतंय व्हय? नाव भांड्याचं," म्हणायचा.

शाहूपुरीत व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत, त्यांच्या मागच्या बोळात आमची गल्ली. अब्बा त्या पेढ्यांवर हमाली करायचे. पत्र्याची अकरा घरं आणि कोपऱ्यावर एक नळ. घागरींची रांग घरांच्या क्रमानं लागायची, म्हणून आमच्या घागरीमागं कायम यासीनची घागर. त्याच्या आईचे गुडघे गेलेले, घरातलं पाणी तोच भरायचा, आणि बाप्या असून पाणी भरतो म्हणून पोरं त्याला चिडवायची. मी रांगेत उभी राहून वाचायचे. घरात दिवसा अंधार, नळापाशी उजेड. नंबर आला की पुस्तक काखेत धरायचं, घागर लावायची, की परत डोकं पुस्तकात. घागर भरून पाणी गटारीत जायला लागायचं तेव्हा मागून आवाज यायचा, "नसीम, घागर व्हायलीया. का पुस्तकात नदी आलीया?" आणि तो पुढं होऊन तोटी बंद करायचा. तो सातवीत शाळा सोडून भट्टीवर गेला. मी पुढं गेले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, गल्लीत पदवी घेतलेलंही पहिलं माणूस मीच, बाई-बाप्या सगळे धरून. हे मी मान ताठ ठेवून सांगते. ते मला कुणी बशीत घालून दिलेलं नाही. गल्लीत आम्ही पोरी "मी आलो, मी गेलो" असंच बोलायचो. कॉलेजात पहिल्या महिन्यात मुली हसल्या, दुसऱ्या महिन्यात मी "आले, गेले" म्हणायला लागले, आणि तिसऱ्या महिन्यापासून घरातसुद्धा. अम्मा म्हणायची, "ही आता घरात पावण्यावाणी बोलतीया."

बेंजोवाल्याला गाणं द्यायचं तर ते चांगल्या अक्षरात लागायचं, आणि यासीनचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. म्हणून दर रविवारी सकाळी तो आमच्या दाराच्या पायरीवर येऊन बसायचा, मी उंबऱ्याच्या आत पाटावर, आणि अब्बा आमच्या दोघांच्या मध्ये तंबाखू मळत. "नसीम, लिव," म्हणायचा आणि गुडघ्यावर ठेका धरून ओळी सोडायचा. मी लिहायचे, एखादा शब्द बदलायचे, तो मान डोलवायचा. आमचं सगळं बोलणं एवढंच. आठवड्यातला पाऊण तास. पण तो पाऊण तास मी कधी चुकवला नाही, परीक्षेच्या दिवसांतही नाही. हे आज मोजून बघताना माझ्या लक्षात येतंय.

मी दुसऱ्या वर्षाला होते. त्या रविवारी त्यानं गुडघ्यावर ठेका धरला नाही. नुसतंच हळू म्हटलं...

नळाच्या रांगंत तुझी घागर माझ्या फुडं
पुस्तक तुझ्या काखंत, तुझं ध्यान पल्याड कुठं

दोन ओळी लिहिल्या आणि माझं पेन थांबलं. गल्लीत काखेत पुस्तक धरून पाणी भरणारी पोर एकच होती. तो थांबला नाही, चारी कडवी म्हणून गेला. अब्बांचं लक्ष तंबाखूत. मी पुढचं काही लिहिलं नाही, आणि त्याचं म्हणून झाल्यावर जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"हे चालणार नाही."

"का?"

"नळ, घागर, काखेत पुस्तक... ही आपल्याच गल्लीतली मुलगी झाली. हिच्यासाठी कोण झुरणार?"

"झुरतंय की एकजण," तो पायरीच्या फरशीकडं बघत म्हणाला.

मी ऐकलं. ऐकलं नाही असं केलं. वर्गात सर सांगायचे तशा आवाजात पुढं बोलत राहिले, "गाण्यातली मुलगी लांबची पाहिजे. हाताला न लागणारी. मुलगा गरीब, मुलगी मोठ्या घरची, असं असलं की ऐकणाऱ्याचा जीव कळवळतो."

"मग कुठं ठेवू तिला?"

"वर ठेव. माडीवर. सज्ज्याला पडदा लाव."

तो हसला. "आपल्या बोळात माडी कुठनं आणू?"

"गाण्यात आणायला काय लागतंय?"

त्यानं आता गुडघ्यावर ठेका धरला. मग म्हणाला, "बरं. लिव. माडीवर..." आणि त्याच बैठकीत, त्याच ठेक्यावर, पडद्याच्या त्या दोन ओळी त्यानं केल्या. मी त्या सुवाच्य अक्षरात उतरवल्या. आधीचं पान फाडून बाजूला टाकलं, अम्मानं ते चुलीला लावलं. एका माणसानं त्याच्या परीनं मला विचारलं होतं, अब्बांच्या देखत विचारलं होतं, आणि मी त्याला गाणं कसं खपेल ते सांगितलं.

आणि ते खपलं. त्या वर्षीच्या मिरवणुकीत ती ओळ सुरू झाली की पोरं रस्त्यावर बसून दोन्ही हात वर करायची, वर कुठल्या तरी दुकानाच्या गच्चीकडं बघून. यासीनला बेंजोवाल्यांनी शाल आणि नारळ दिला, तो नारळ त्यानं सलीमच्या हाती आमच्याकडं पाठवला. पुढं त्याच्या प्रत्येक गाण्यात माडी आली. बंगला आला, फाटक आलं, फाटकावरचा कुत्रा, काळ्या काचेची गाडी... आणि खाली उन्हात उभा असलेला हा. बेंजोवाले तेच मागायचे, "मोल्डर, माडीवालं द्या की अजून एक." हा द्यायचा. ज्या माणसाला कधी कुठल्या बंगल्यानं हाकललं नव्हतं, कारण तो कधी कुठल्या बंगल्यासमोर उभाच राहिला नव्हता, त्यानं जन्मभर बंगल्यांवर गाणी केली. त्याला हाकललं होतं ते आमच्या पायरीवरून.

तिसऱ्या वर्षाला कॉलेजात निबंधवाचन होतं. मी विषय घेतला, 'लोकप्रिय गीतांतील प्रेम आणि वर्गभेद'. त्यात मांडलं होतं की या गाण्यांतला गरीब प्रियकर मुलीला स्वतःच उंचावर नेऊन बसवतो आणि मग तिच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून रडतो. भिंत समाजानं बांधलेली असते, पण गाण्यात ती पुन्हा बांधायचं काम हा स्वतः करतो, आणि तिच्यावर डोकं आपटण्यात त्याला सुख वाटतं. उदाहरण म्हणून पडद्याच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. सरांनी मान डोलावली. उदाहरणाखाली कवीचं नाव लिहावं लागतं. मी लिहिलं होतं, आणि मोठ्यानं वाचलंही, 'अज्ञात'. नाव घेतलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तू याला कशी ओळखतेस. मग नळ, बोळ, पत्रे, अब्बांच्या पाठीवरचं पोतं, सगळंच त्या सभागृहात येऊन बसलं असतं. मला ते नको होतं. माझ्या अंगावर त्या दिवशी मैत्रिणीकडून मागून आणलेला ड्रेस होता.

कार्यक्रमाचं सलीमनं यासीनला सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. पहिली पाळी संपवून तो शिरोलीहून सायकलवर थेट आला होता, केसात आणि भुवयांत काळी रेती. खुर्च्या रिकाम्या असून शेवटच्या रांगेच्या मागं उभा होता. खुर्ची काळी होईल म्हणून, असं नंतर म्हणाला. मला पहिला नंबर मिळाला. परत येताना तो सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालत होता.

"नसीम, अज्ञात म्हंजी काय गं?"

"ज्याचं नाव माहीत नाही असा."

"मग तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

रागानं नाही. खरंच विचारत होता. मी म्हटलं, "तसं नाही. पद्धत असते तशी लिहायची." "आसंल की," तो म्हणाला. बोळाच्या तोंडाशी आल्यावर थांबला. "तू हो फुडं. बक्षीस घिऊन आलीयास, बरोबर मी कशाला?"

पुढच्या महिन्यात त्याची आई रिश्ता घेऊन आली. दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंत धरत, हातात बर्फीचा पुडा. अब्बा म्हणाले, "पोर शिकल्याली हाय. तिचं ती बोलंल." मी आतल्या खोलीत होते, आणि आमच्या घरात आतलं बाहेर ऐकू जायचंच, तरी मी आवाज चढवून बोलले, "मी बी.ए. होणार, तो सातवी. मी बोलणार काय त्याच्याशी?" बाहेरून त्याची आई, आमच्या चाची, म्हणाल्या, "बोलत हुतीस की गं दर आइतवारी." एवढं म्हणून त्या उठल्या. पुडा तिथंच राहिला. तो कुणी फोडला नाही, शेवटी त्याला मुंग्या लागल्या.

मला तो आवडत होता का? हा प्रश्न वाचणारा विचारणार, म्हणून मीच विचारते. खरं उत्तर, मला माहीत नाही. त्यावर विचार करायची मी स्वतःला मुभाच दिली नाही. मला त्या बोळातून बाहेर पडायचं होतं आणि तो बोळाचा भाग होता, नळासारखा. शिकले याची मला लाज नाही, त्याला नाही म्हटलं याचीही नाही. ज्याला त्याला नाही म्हणायचा हक्क असतो. पण नाही म्हणायला सरळ जीभ लागते, आणि मी इतकी सरळ बोलणारी बाई, त्याच्या वेळी मी गाण्याआड लपले. शिक्षणाचा मी केलेला तो पहिला वापर.

त्यानंतरच्या रविवारपासून तो पायरीवर आला नाही. गाणी सलीमकडून लिहून घ्यायला लागला. माझं लग्न झालं. माझे मिस्टर सरकारी खात्यात इंजिनिअर, सज्जन माणूस. ताराबाई पार्कात आमचा फ्लॅट, पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला बाल्कनी, बाल्कनीला पडदा. पहिल्या दिवशी पडद्याच्या कड्या अडकवताना माझे हात थांबले होते. मी नको ते आठवलं असं म्हणून पुढची कडी अडकवली. लग्नात लोकांनी मिक्सर दिले, डिनर सेट दिले. यासीननं बिडाचा तवा दिला, स्वतः साचा करून ओतलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून. सलीमला त्यानं आधी विचारलं होतं म्हणे, "पावण्यांच्यात गॅस हाय का चूल?" ते ऐकून मी आणि सलीम हसलो होतो. बाकीचा आहेर केव्हाच मोडला, वाटून गेला. भाकरी आजही त्या तव्यावर होते.

तो माझ्या घरी एकदाच आला, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, बायकोबरोबर. जुबेदाभाभी गगनबावड्याकडच्या, अंगानं बारीक, नजरेनं धीट. दार उघडलं तर दोघंही अनवाणी. चप्पल खाली गेटपाशीच काढून, जिना तसाच चढून आले होते. मला "मॅडम" म्हणाला. मी "अरे, मॅडम काय, नसीम म्हण," असं म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. सोफ्याच्या कडेवर टेकला, पाणी प्यायला, आणि वाऱ्यानं बाल्कनीचा पडदा उडाला तेव्हा तिकडं बघून म्हणाला, "पडदा हालतोय की, मॅडम." भाभींनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात मिस्टर आले आणि कोण म्हणून त्यांनी नजरेनंच विचारलं. "आमच्या जुन्या गल्लीतले," मी सांगितलं. दुसऱ्यांदा मी त्याचं नाव घेतलं नाही. लग्नाला गेले नाही. शाळेत परीक्षा होत्या. खरंच होत्या, पण रजा मिळाली असती.

शेवटचा भेटला तो गेल्या दिवाळीनंतर, शाहूपुरीत औषधाच्या दुकानाबाहेर. मी ओळखलं नाही. गालफडं आत गेलेली, शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा, दोन पावलं टाकून थांबत होता. मला बघून हसला मात्र तसाच. "डॉक्टर म्हणत्यात छातीत रेती बसलीया. तीस वर्सं मी तिला ठोकली, आता ती मला ठोकतीया." मी गाण्यांचं विचारलं. "दोन वळी म्हटल्या की दम लागतोय. आणि सलीम आता पुण्याला. लिवून कोण देणार?" मी पटकन म्हटलं, "मी देते की. ये रविवारी घरी." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "माडी चढवत न्हाय आता, मॅडम." आणि भिंतीला हात लावत निघाला. मग मी गल्लीत येते, त्याच पायरीवर बसते... एवढं साधं वाक्य. मला रिक्षात बसल्यावर सुचलं. त्यानंतर चार महिने तो होता. आमच्या फ्लॅटपासून तो बोळ रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

चाळीसाव्याला गेले तेव्हा नळाच्या जागी मोटारसायकली लावलेल्या होत्या. आता घरोघरी तोट्या आल्यात. फातेहा झाला, पुरुष मंडपात जेवायला बसले. मी आत जाणार तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत समोर आला. धोंडीराममामा, फौंड्रीत यासीनच्या शेजारच्या पेटीवर होते. "तुमीच न्हवं का त्या लिवणाऱ्या बाई?" मी हो म्हटलं. "एक खोड हुती बगा त्येला. रस ओतायच्या आदी पेटीवरच्या रेतीत खिळ्यानं दोन वळी लिवायचा. रोज. सायेब वरडायचा, तरी लिवायचाच. आमी इचारलं तर म्हणायचा, रेतीला वाचून दावतोय. मग रस ओतला की धूर, पेटी फोडली की संपलं."

"कुठल्या ओळी, मामा?"

"मला वाचाय कुठं येतंय, बाई?" म्हातारा म्हणाला. "पर त्याच आसायच्या. आकार त्योच दिसायचा रोज."

आत जुबेदाभाभींनी मला शेजारी बसवून घेतलं. ताट पुढं केलं. मी दोन घास खाल्ले असतील, तोवर त्या समोर बघतच बोलल्या, "माडीवरची म्हंजी तुमीच न्हवं?"

खोटं बोलायला जागा होती. तशी कुणी नव्हती, गाण्यासाठी घातलेली, असं म्हटलं असतं तर ते धड खोटंही ठरलं नसतं. पण त्या दिवशी माझ्याच्यानं झालं नाही. "ती आधी माडीवर नव्हती, भाभी. नळावर होती. वर मी नेऊन बसवली."

"म्हाईत हाय. लग्नानंतर बावड्याला माझ्या माहेरी गेलतो. पाऊस हटंना, एस्टी बंद. चार दीस दोघं चुलीम्होरं बसून. तवा त्येंनी सगळं म्हणून दावलं. लपवून न्हाय ठेवलं काय. चारी कडवी."

"तुम्हाला आठवतात?"

"सगळी."

मी पर्समधून पेन काढलं. तीस वर्षांची सवय, कुणी ओळ सांगणार म्हटलं की हात आपोआप पेनाकडं जातो. भाभींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पेन खाली दाबलं. जोर नव्हता त्या हाताला, पण तो हटला नाही.

"न्हाय मॅडम. माडीवरचं सगळ्या गावाकडं हाय. नळावरचं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

मी मान हलवली. पेन परत पर्समध्ये ठेवलं. ते गाणं माझ्यासाठी केलेलं होतं, आणि माझ्याकडं त्याच्या दोनच ओळी. बाकीची मी उतरवूनच घेतली नव्हती. ती आता त्या बाईबरोबर जाणार, आणि तो तिचा हक्क आहे.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "तुमास्नी काय करायचंच आसंल तर येक करा. पेपरात लिवता न्हवं तुमी? लिवा. गाणं कुणी केलं ते. नाव नीट लिवा. ते अज्ञात का काय, तसलं नगं." म्हणजे तेही त्यानं सांगितलं होतं. म्हणून लिहिते. 'माडीवरच्या पोरी' हे गाणं यासीन मोल्डर यानं केलं, शाहूपुरीच्या मागच्या बोळात, एका रविवारी सकाळी. त्यातली माडी तेवढी माझी. बाकी सगळं त्याचं. हे पंचवीस वर्षांपूर्वी एका कागदाखाली एका शब्दात लिहिता आलं असतं. आता मी इतकं लिहिलं तरी त्यातलं त्याला काही वाचता येणार नाही.

घरी आले आणि साडी न बदलता स्वयंपाकघरात गेले. तवा उतरवून उलटा केला. पंचवीस वर्षांची काजळी, बोटभर जाड. मामांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. रोज रेतीत लिहिणारा माणूस, आणि हा तवा त्याच रेतीत ओतलेला, त्याच हातानं. काहीतरी असणारच. आधी सुरीनं खरवडलं, मग तारेच्या घासणीनं, मग विटेचा तुकडा आणून. मिस्टर दारात येऊन उभे राहिले. "अगं, काय चाललंय?" "तवा घासतेय," मी म्हटलं. तास गेला असेल. नखांत काळं भरलं, बोट सोलवटलं, आणि हळूहळू खालचं करडं लोखंड वर आलं. बोटं फिरवून फिरवून बघितलं, आंधळं माणूस बघतं तसं. खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरून बघितलं.

अक्षर नव्हतं. एकही नाही. ग्राइंडरनं मारलेले बारीक गोल ओरखडे तेवढे होते, कडेपासून मधल्या बिंदूपर्यंत, एकसारखे. बुडाला उंचवटा कुठं राहू नये म्हणून कुणीतरी खूप वेळ, खूप जपून ते बूड घासलं होतं. काही लिहिलं असतं तर तवा गॅसवर डुगडुगला असता.

धुऊन, पुसून परत गॅसवर ठेवला. एका कडेला बोटानं दाबून बघितलं, मग दुसऱ्या कडेला. हलला नाही. भाकरीची वेळ झाली होती. मी परातीत पीठ घेतलं.